धुळ्याचा कोणता आकडा मोजायचा?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर धुळ्याचा एक आकडा महाराष्ट्रभर गाजला. ३,८३१. एवढ्या मतांनी काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना हरवले. त्यानंतर कितीतरी सभांत देवेंद्र फडणवीस या निकालाची फोड करून सांगत राहिले. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आमचा उमेदवार सुमारे एक लाख नव्वद हजारांनी पुढे होता, आणि एकट्या मालेगाव मध्यने एक लाख चौऱ्याण्णव हजारांनी मागे टाकला, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबाला त्यांनी नाव दिले ‘व्होट जिहाद’.

त्या शब्दावर पुष्कळ लिहून झाले आहे, मीही त्रागा करून पाहिला आहे. आज तो करायचा नाही. आज मला त्या फोडीचे कौतुक करायचे आहे. केवढी बारीक नजर! धुळे मतदारसंघाची सरासरी काढून कोणी समाधान मानले नाही. एकेक विधानसभा क्षेत्र वेगळे केले, बूथनिहाय याद्या तपासल्या, कुठल्या मोहल्ल्याने किती मते कुणाला दिली हे शोधले. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसांना आकडे वाचता येत नाहीत असे कोण म्हणेल?

आता धुळ्याचाच दुसरा आकडा घ्या. ४०.५. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) धुळे जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. देशाची सरासरी २३.३, राज्याची २१.९. परभणी आणि बीड सोडले तर राज्यात आमचाच नंबर. हा आकडा केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाचा आहे, कुणा विरोधकाचा नाही. तो कुठल्या सभेत ऐकलात? त्याची तालुक्यानिहाय, गावनिहाय फोड करून कुणी सांगितली?

माझे म्हणणे एवढेच आहे. हे सरकार मतांचा हिशेब बूथनिहाय करते आणि प्रगतीचा हिशेब राज्यनिहाय. जिथे सत्ता जाऊ शकते तिथे नजर बारीक होते, जिथे माणूस खचतो तिथे सरासरी पुरते. ‘महिला सक्षमीकरण’ म्हणून जे काही आपल्याला ऐकवले जाते ते तपासायचे असेल, तर सरकारचीच पद्धत सरकारच्या दाव्याला लावून पाहिली पाहिजे.

आमचे पिंपळनेर जिल्ह्याने धुळ्यात, तालुक्याने साक्रीत आणि लोकसभेला नंदुरबारात. म्हणजे बहुआयामी गरिबीच्या यादीत राज्यात तळाला असलेले दोन्ही जिल्हे आमच्या वाट्याला आले आहेत. नीती आयोगाने २०२१ मध्ये पहिला बहुआयामी गरिबी निर्देशांक प्रसिद्ध केला. तो २०१५-१६ च्या सर्वेक्षणावर बेतलेला होता. त्यात महाराष्ट्रात गरिबांचे प्रमाण १४.८५ टक्के होते, धुळ्यात ३३.२३ आणि नंदुरबारात ५२.१२. राज्यात सात माणसांतला एक, धुळ्यात तिघांतला एक आणि नंदुरबारात दोघांतला एक. पुढच्या अहवालात राज्याचा आकडा ७.८१ पर्यंत खाली आला. हे चांगले झाले आणि ते मान्य करायला मला कसलीच अडचण नाही. नंदुरबारही खाली उतरले, पण राज्याच्या तळालाच राहिले. जिना सगळे चढले, पायरीचे अंतर मात्र तेच.

आता लाडक्या बहिणीकडे येऊ. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये. वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी. पाच महिन्यांत विधानसभेचा निकाल लागला आणि महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले.

मी या पैशाला भीक म्हणणाऱ्यांतला नाही. २०२२ च्या जुलैत पंतप्रधानांनी ‘रेवडी’ वाटणाऱ्यांपासून देशाला सावध केले होते. दोन वर्षांत त्यांच्याच पक्षाने महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी थाळी भरली, हा विनोद त्यांचा त्यांनी पचवावा. पण आमच्या गल्लीतल्या खाला शिवणयंत्रावर दिवसभर बसतात. त्यांच्या मोबाइलवर हप्ता आल्याचा मेसेज वाजतो तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी पडते. औषध आणायला आता मुलाकडे हात पसरावा लागत नाही. हे छोटे नाही. ज्यांच्या घरात पंधराशे रुपये एका जेवणात संपतात त्यांनी खालांना स्वावलंबन शिकवू नये.

माझी तक्रार पैशाबद्दल नाही, पावतीबद्दल आहे. सरकारने पैसे दिले आणि पावतीवर लिहून घेतले: ‘प्रगती झाली’. किती बहिणींना हप्ता गेला हा आकडा खर्चाचा आहे, फळाचा नाही. खत किती पोती टाकले हे सांगून कांद्याचे पीक किती आले हे सांगता येत नाही, हे साक्री तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळते. शिवाय खताची पोतीही नीट मोजलेली नव्हती. २०२५ च्या जुलैत महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीच सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे दिसते. त्यांत पुरुषांचीही नावे निघाली. मग ई-केवायसी आली, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारावर ओटीपी आला, आणि निवडणुकीआधी ज्यांच्या दारात अर्ज भरून घ्यायला माणसे येत होती त्या बाया सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या राहिल्या. ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत तिने कुणाचा ओटीपी आणायचा, हे रांगेत कुणालाच सांगता येत नव्हते. मत मागताना बहीण, पैसे देताना संशयित.

मग फळ कशाने मोजायचे? इथे मला स्वतःची फीत आणायची गरज नाही, सरकारनेच ती दिली आहे. योजनेच्या शासन निर्णयाच्या सुरुवातीलाच लिहिले आहे की राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि म्हणून त्यांचे आरोग्य व पोषण सुधारावे, आर्थिक स्वातंत्र्य मिळावे, कुटुंबातली त्यांची निर्णायक भूमिका मजबूत व्हावी यासाठी ही योजना आहे. उत्तम. म्हणजे सरकारने स्वतःच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका स्वतः छापली. आता उत्तरपत्रिका तपासू द्या.

आधी राज्याची तब्येत. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणे ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ वर गेली, बालविवाह २६.३ वरून २१.९ वर आले. या दोन्हींचे श्रेय ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. पण त्याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेल्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ वर गेला. कमी वजनाची मुले ३६ टक्क्यांच्या आसपास जिथल्या तिथे. उंचीच्या मानाने वाळलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के.

आता शेजाऱ्यांकडे पाहू, कारण एकट्याने धावणारा नेहमीच पहिला येतो. कमी वजनाच्या मुलांची देशाची सरासरी ३२.१ टक्के, महाराष्ट्राची ३६.१. वाळलेली मुले देशात १९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.६. ज्या ओडिशाचे नाव घेतले की आपल्याला उपासमार आठवते, त्या ओडिशात हेच आकडे २९.७ आणि १८.१ आहेत. छत्तीसगडमध्ये बालविवाहाचे प्रमाण १२.१ टक्के, आपल्या निम्म्याच्या जवळपास. या दोन्ही राज्यांचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. आपले २०२४-२५ चे अंदाजित दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार रुपये. म्हणजे पैसा नव्हता असे म्हणायची सोय नाही. पैसा होता, पण लेकराच्या अंगावर मांस चढले नाही.

आणि ही झाली राज्याची सरासरी. तिच्यात मुंबई आहे, पुणे आहे. सरासरीतून उतरून नंदुरबारात या. तिथे पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुले कमी वजनाची आहेत. त्यांच्यासमोर ‘देशात नंबर एक’चा फलक लावणाऱ्यांनी एकदा अंगणवाडीतल्या वजनकाट्यासमोरही उभे राहावे.

इथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे: हे आकडे २०२१ पर्यंतचे, योजना २०२४ ची. मग त्या आकड्यांनी योजनेला दोष कसा देता? नाही देत. हे आकडे योजनेचे अपयश सिद्ध करत नाहीत. या काळात फडणवीसांचे सरकार होते, मग उद्धव ठाकरे यांचेही होते. पण हेच आकडे योजनेचे यशही सिद्ध करत नाहीत. ते सुरुवातीची रेघ आहेत. शर्यत कुठून सुरू झाली हे त्यांनी सांगितले. पुढे किती धावलो हे सांगायची जबाबदारी विजयाचा गुलाल आधीच उधळणाऱ्यांची आहे. निकालाआधी पेढे वाटणाऱ्याला गुणपत्रिका मागणे हा द्रोह नव्हे.

तोवर एक गोष्ट मात्र कुठल्याही सर्वेक्षणाची वाट न पाहता सांगता येते. योजना एकविसाव्या वर्षी सुरू होते. धुळे जिल्ह्यातल्या शंभरातल्या चाळीस मुलींचे नुकसान अठराच्या आत होऊन गेलेले असते. लाडकी बहीण व्हायला आधी मुलगी म्हणून वाचावे लागते, शिकावे लागते. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगराकडे जा. दिवाळीनंतर भिल्ल आणि कोकणी कुटुंबे उसतोडीला दक्षिण गुजरातकडे, बारडोलीच्या बाजूला निघतात. आजची गोष्ट नाही, कित्येक पिढ्यांची वाट आहे ती. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोराचे लग्न लवकर लावले की एक कोयता वाढतो, एक उचल वाढते. मुलीला मागे ठेवायचे तर कुणाच्या भरवशावर, हा आईबापांचा दुसरा प्रश्न. या गणितात पंधराशे रुपये कुठे बसतात? तिथे लागते ते गावातच मिळणारे रोजगार हमीचे काम, वेळेवर मिळणारी मजुरी, मुलींचे चांगले चालणारे वसतिगृह, आठवीनंतरची जवळची शाळा. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, सभा, दाखले, घरकुलांच्या याद्या सांभाळून त्याने लग्ने थांबवायची, आणि उद्या त्याच गावात राहायचे. त्याला आपण कायदा दिला, बळ दिले नाही.

उलट जे होते त्यालाच हात लागला. २०२५ च्या मे महिन्यात लाडक्या बहिणीच्या एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचे उत्तर होते की हे पैसे त्याच समाजांतल्या बहिणींना जात आहेत, मग बिघडले काय? बिघडले ते असे. आदिवासी उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढला जातो तो दरी बुजवण्यासाठी. सर्वांना मिळणारे पैसे आदिवासी बाईला तिच्याच वेगळ्या डब्यातून द्यायचे असतील, तर तिला जास्तीचे काय मिळाले? तिच्या एका हातातून काढून दुसऱ्या हातावर ठेवले आणि ओवाळणी म्हणून फोटो काढला.

आमच्या पश्चिमेकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत गरोदर आणि स्तनदा मातांसाठी दिवसाला एक गरम जेवण देणारी योजना आहे. २०१५ पासूनची, याच फडणवीसांच्या पहिल्या कारकिर्दीतली. तिला नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. ती चांगली योजना आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणायला मला पक्ष विचारावा लागत नाही. रक्तक्षय हटवायचा तर हीच वाट: ताटात डाळ, अंडे, भाजी, आणि ती रोज. पण अंगणवाडीतल्या सर्वसाधारण बालकाच्या पोषण आहाराचा केंद्राने ठरवलेला दर २०१७ पासून दिवसाला आठ रुपये. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर चोवीसशे रुपये. आठ रुपयांत आज पिंपळनेरच्या स्टँडवर अर्धा कप चहा येतो. अर्धा कप चहात एक मूल वाढवून दाखवा, मग सक्षमीकरणाचे भाषण करा.

विरोधकांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. लाडकी बहीण ही मतांची खरेदी आहे म्हणणाऱ्या महाविकास आघाडीने त्याच निवडणुकीत महिन्याला ३,००० रुपयांचे आश्वासन दिले होते. महायुतीने २,१०० चे दिले. ते २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाही, उलट तरतूद ३६ हजार कोटींवर आली. भांडण बोलीचे होते, लिलावातल्यासारखे. धुळ्याच्या ४०.५ वर कुणीच बोली लावली नाही.

आणि आता थोडे आपल्या माणसांना. आपणही आकड्यांशी प्रामाणिक नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. आपण तो तावीजसारखा गळ्यात बांधला आहे. उघडून किती जणांनी वाचला? महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या मुसलमानांचे दारिद्र्य आणि उच्च शिक्षणातली पिछेहाट मांडली. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातले शिक्षणाचे आरक्षण रोखले नव्हते, तरी नव्या सरकारने अध्यादेश संपू दिला. तो अन्याय होता आणि आहे. पण दहा वर्षे त्या एका अन्यायावर भाषणे करताना आपण आपल्या गावातल्या दहावी झालेल्या मुलींपैकी किती जणी बारावीला गेल्या याची साधी यादी केली का? मशिदीच्या चंद्याचा हिशेब पैशापैशाने फळ्यावर लागतो. मुलींच्या शाळेचा फळा कुठे आहे?

बालविवाहाचा विषय निघाला की आपल्यातले काही जण शरियतचा आधार घेऊन वयात येणे म्हणजे लग्नाचे वय, असे सांगतात. या बाबतीत त्यांना आणि ‘आमच्यात असेच चालते’ म्हणणाऱ्या गावच्या पाटलाला एका पंगतीत बसवायला हरकत नाही. ४०.५ या आकड्यात भिल्ल आहेत, मराठा आहेत, माळी आहेत, मुसलमान आहेत. जिल्ह्याचे ते पत्रक मुलीचा धर्म सांगत नाही. तिथे ती फक्त अठराच्या आत लग्न झालेली मुलगी असते. आपल्या जिल्ह्याचे एवढे एकमत दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर नसेल. तिकडे जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आहेत. धर्माने मुसलमान, नोंदीने अनुसूचित जमात. त्यांची उपासमार कुठल्या रकान्यात मांडायची यावर वाद घालता येईल, पण त्यांच्या लेकराचे वजन दोन्ही रकान्यांत सारखेच भरेल. म्हणून मला ‘मुसलमानांचा आकडा’ आणि ‘आदिवासींचा आकडा’ अशी भांडणे नकोत. मला गावाचा आकडा हवा.

आणि तो आहे. हे लक्षात ठेवा. जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही, आता ती २०२७ ला होणार. साक्षरतेसाठी आजही २०११ चा आकडा काढावा लागतो, धुळ्याचा ७२.८ आणि राज्याचा ८२.३. पण अंगणवाडी सेविका दर महिन्याला प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये भरते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन उपकेंद्रात नोंदले जाते. शाळा सोडल्याची नोंद शाळेत असते. लाडक्या बहिणीची यादी आधारसकट सरकारकडे आहे. म्हणजे बूथनिहाय यादी जशी आहे, तशीच अंगणवाडीनिहाय यादीही आहे. फक्त पहिली वाचायला नेत्यांची फौज बसते आणि दुसरी वाचायला कुणी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती पिंपळनेरच्या कुठल्याही उमेदवाराला, कुठल्याही पक्षाच्या, विचारता येईल. दर सहा महिन्यांनी तालुक्याचे चार आकडे ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या दारावर लावा: कमी वजनाची मुले किती, रक्तक्षय असलेल्या गरोदर बाया किती, दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुली किती, अठराच्या आत लग्न झालेल्या किती. शेजारी मागच्या सहा महिन्यांचा आकडा आणि शेजारच्या तालुक्याचा आकडा. नावे नकोत, जात नको, धर्म नको. मग त्याखाली खुशाल लिहा ‘लाडकी बहीण’. आकडा खाली आला तर मी स्वतः येऊन पहिला हार घालीन.

तोवर मालेगाव मध्यच्या एक लाख चौऱ्याण्णव हजारांचा हिशेब मांडणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमची वजाबाकी पक्की आहे, हे आम्ही पाहिले. आता तीच वजाबाकी शंभरातून चाळीस मुलींची करून दाखवा.